शब्द येतात, वाक्य निसटतं

“मावशी, शब्द सगळे येतात गं. पण वाक्य संपेपर्यंत सुरुवातच विसरून जाते मी.” भाची हे अगदी सहज बोलून गेली. मी शेंगदाणे भाजत होते आणि ती ओट्याजवळच्या टेबलावर सराव प्रश्नपत्रिका पसरून बसली होती. बोलली, पेन्सिलीचं टोक दातात धरलं आणि पुढच्या उताऱ्याला लागली. कुरकुर नाही, रडारड नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. रात्री कूट डब्यात भरताना, दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवर पासबुकं घेताना ते मधेच वर यायचं. ‘इंग्रजीचे शब्द येत नाहीत’ ही तक्रार मी जन्मभर ऐकत आले आहे. शब्द येतात आणि तरीही हाती काही लागत नाही, हे मला आजवर कुणी इतक्या नेमकेपणानं सांगितलं नव्हतं.

तिला वकील व्हायचंय. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी बांधावरून एक जुना वाद आहे, तिच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. त्याच्या तारखा ऐकतच ती मोठी झाली. लातुरात बारावीची मुलगी म्हटलं की लोक आधी ‘नीट का?’ असं विचारतात. ती ‘क्लॅट’ म्हणाली की समोरचा क्षणभर गप्प होतो. राज्याची विधी सीईटी मराठीतून देता येते, ती ती देणारच आहे. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या आपल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांतले पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे प्रवेश क्लॅटवर होतात, आणि क्लॅट फक्त इंग्रजीत असते. दोन तास, 120 प्रश्न, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क, गणित असे विभाग नावाला वेगळे. सगळीकडे आधी उतारा वाचायचा आणि मग प्रश्न सोडवायचे. उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा. बारावीच्या मुलाला तो पाच ते सात मिनिटांत वाचता यावा, अशी परीक्षा घेणाऱ्यांची अपेक्षा. आता प्रश्नामागे एकच मिनिट मिळतं, त्यातच वाचनही आलं, म्हणजे त्या सात मिनिटांची चैन प्रत्यक्षात कुणालाच परवडत नाही.

तिच्याकडे शब्दांची एक वही आहे. दोनशे पानी, मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, तिच्या गोल, शहाण्या अक्षरात. तिला एका नातेवाईक मुलाचं जुनं गाइड मिळालं होतं, ते 2020 च्या आधीचं. तेव्हा क्लॅटला 200 प्रश्न असायचे आणि समानार्थी शब्द, वाक्प्रचार, स्पेलिंग थेट विचारायचे. पुढे परीक्षा बदलली, पण गाइडं फिरतच राहिली. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, प्रत्येकानं वेगळ्या रंगात अधोरेखित केलेली. मी वही हातात घेऊन मधलंच पान उघडायची आणि शब्द विचारायची. माझं बोलून होण्याआधी तिचं उत्तर तयार असायचं. ‘रिलक्टंट’ म्हणजे अनिच्छुक. ‘अँबिग्युअस’ म्हणजे संदिग्ध. मुलीची मेहनत बघून पोटात तुटायचं, कारण हे सगळं खरं होतं, पाठ होतं, आणि तरीही उताऱ्यात तेच शब्द भेटले की ती त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायची.

हे जोड्या लावणं आमच्यात फार खोल गेलेलं आहे. उदगीरला मी पाचवीत गेले तेव्हा पहिल्यांदा इंग्रजीचं पुस्तक हातात आलं. वर पत्र्याचं छत. पावसाळ्यात सर काय बोलतात ते ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा वर्ग पावसाच्या वरताण ओरडायचा: “बी-ओ-वाय बॉय, बॉय म्हणजे मुलगा! सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर!” त्यात एक ठेका होता. मागच्या बाकावरची पोरं बाकावर हात मारून ताल धरायची. मला ते दिवस आजही आवडतात आणि तेव्हा घोकलेला एकही शब्द मी विसरलेले नाही. 2000 साली राज्यानं पहिलीपासून इंग्रजी आणलं, माझ्या भाचीच्या पिढीला ते बालपणापासून मिळालं. पण ती पहिलीत असताना माझ्याकडे सुट्टीला यायची, तेव्हा अंगणात झोके घेत जे म्हणायची, ते तेच होतं. ठेकासुद्धा तोच. शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ. मुलगा आहे, मांजर आहे, पण मुलगा मांजराला काय करतो हे कधी येतच नाही.

पुढे धडे आले. सर एकेक ओळ वाचायचे, तिचा अर्थ मराठीत सांगायचे आणि आम्ही तो दोन ओळींच्या मधल्या फटीत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून घ्यायचो. धड्याची गोष्ट आम्हाला पूर्ण कळायची, मनाला भिडायची सुद्धा, पण कळायची ती मराठीतून. ‘सीन पॅसेज’ला त्यामुळे काही भीती नव्हती. ‘अनसीन’ आला की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो ज्या वाक्यात असेल ते वाक्य उतरवायचं. गुण मिळायचे. मी असेच मिळवले, माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी असेच मिळवले, आणि भाचीही परवापर्यंत असेच मिळवत होती. क्लॅटमध्ये ही युक्ती पहिल्याच प्रश्नाला गळून पडते. तिथे विचारतात: लेखकाला या विधानातून काय सुचवायचं आहे? तो कोणत्या गोष्टीशी सहमत होणार नाही? ज्या वाक्यात उत्तर आहे असं वाक्यच उताऱ्यात नसतं.

मग एका रविवारी आम्ही दोघी एकच वाक्य घेऊन बसलो.

तिला इतिहास आवडतो, म्हणून 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवरचा उतारा घेतला होता. सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळणाऱ्या शेतकऱ्यांचा. त्यातलं वाक्य असं: ‘द रायट्स, व्हिच बिगॅन ॲट सुपे इन मे 1875 आफ्टर अ लाँग फॉल इन कॉटन प्राइसेस, स्प्रेड टू अहमदनगर.’ तिला म्हटलं, वाच आणि सांग. तिनं वाचलं. सुपे कळलं, कापूस कळला, भाव पडले हे कळलं. “आणि अहमदनगरला काय गेलं?” मी विचारलं. ती परत मागे गेली. तिचं बोट ओळीवरून उलटं सरकत होतं, नगरवरून कापसावर, कापसावरून मे महिन्यावर, आणि मग अगदी सुरुवातीच्या शब्दावर येऊन थांबलं. “दंगे,” ती म्हणाली. “अगं, दंगे पसरले.” तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला त्या दिवशी ओट्याजवळ ती काय सांगत होती ते नीट कळलं.

हेच मराठीत म्हणून बघा: कापसाचे भाव बराच काळ पडत गेल्यावर मे 1875 मध्ये सुप्यात सुरू झालेले दंगे अहमदनगरपर्यंत पसरले. आपण सगळं सामानसुमान आधी गोळा करतो आणि मग ‘दंगे’ म्हणतो, लगेच ‘पसरले’ म्हणून मोकळे होतो. कर्ता आणि क्रियापद हाकेच्या अंतरावर असतात. इंग्रजीत पाहुणा आधी घरात येऊन बसतो, त्याची ओळख मागाहून सुरू होते आणि ती संपेस्तोवर तो कशाला आला होता हेच विसरायला होतं. आपला वाचणारा मेंदू शेवटी क्रियापद येणार या भरवशावर चालत राहतो. वाटेत ‘बिगॅन’ भेटलं की त्याला वाटतं हेच ते, आणि तो तिथे थांबतो. खरं क्रियापद पुढे स्वल्पविरामापलीकडे उभं असतं. हे मुलांना कुणीतरी बाकावर शेजारी बसून, बोट ठेवून दाखवायला हवं. व्याकरणाच्या तासाला ‘रिलेटिव्ह क्लॉज’, म्हणजे ‘व्हिच’नं सुरू होणारा असा मधला तुकडा, शिकवतात, पण तो वाक्यं जोडण्याचा प्रकार म्हणून. वाचताना त्याचं काय करायचं हे राहूनच जातं.

मग आम्ही एक सवय लावली. लांब वाक्य आलं की दोन स्वल्पविरामांमधला मजकूर अंगठ्याखाली झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. ‘द रायट्स स्प्रेड टू अहमदनगर.’ हा सांगाडा. तो मनात पक्का झाला की अंगठा काढायचा. सुरुवातीला एका उताऱ्याला अर्धी संध्याकाळ जायची. डिक्शनरी मोबाईलमध्ये, आणि मोबाईल आतल्या खोलीत; परिच्छेद संपेपर्यंत उठायचं नाही. नवा शब्द वहीत लिहायचा तर एकटा लिहायचा नाही, ज्या वाक्यात सापडला ते अख्खं वाक्य लिहायचं, अर्थ नंतर. वहीतली मधली रेघ त्यामुळे निरुपयोगी झाली. आणि मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं वाचताना दम कुठे घ्यावा लागतो ते कळतं आणि दम घेण्याच्या जागाच वाक्याचे सांधे असतात. बँकेत लागल्यावर रोजची परिपत्रकं मी अशीच पुटपुटत वाचायला शिकले होते. ‘नॉटविथस्टँडिंग’नं सुरू होणारी ती अर्धा पान लांबीची वाक्यं दुसऱ्या कशानं उलगडली नसती.

पण सांगाडा सापडला म्हणजे सगळं झालं असंही नाही. एकदा उतारा होता एका पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या तालमीवर. शब्द सोपे, वाक्यं आखूड. स्कोअर, मूव्हमेंट, स्ट्रिंग्ज, कंडक्टर. एकही शब्द तिला अडला नाही, आणि पूर्ण उतारा वाचून ती म्हणाली, “मावशी, हे लोक नेमकं काय करायलेत?” तिनं असा वाद्यवृंद कधी पाहिलेला नाही. एक माणूस प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याच्या हातातल्या काडीवर बाकीचे वाजवतात, हे चित्रच डोळ्यांपुढे नव्हतं, तर शब्द टेकणार कशावर? मी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. मग तिनं तोच उतारा परत वाचला आणि पाचही प्रश्न सोडवले. शब्दांचे अर्थ मी एकही सांगितले नव्हते.

त्याच आठवड्यात कायद्याच्या विभागातला एक उतारा आला, स्वच्छ पाण्याच्या हक्कावर. घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचाही समावेश होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटलं, तिथून सुरुवात करून उतारा टंचाईकडे जात होता. वाक्यं लांबलचक, शब्द जड, निम्मे तिच्या वहीबाहेरचे. ही मुलगी थांबली म्हणून नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि गावात टँकरच्या रांगेत कळशी धरून उभी राहिली होती. पाणी कुणाला आधी मिळतं, कुणाच्या दारापर्यंत टँकर जातो आणि कुणाच्या अलीकडे वळतो, हे तिनं पाहिलेलं होतं. ‘इक्विटेबल’ हा शब्द तिला माहीत नव्हता. तिनं आजूबाजूच्या वाक्यांवरून त्याचा अर्थ सांगितला: “सगळ्यांना सारखंच नाही, ज्याला जेवढं पाहिजे तेवढं. वाजवी.” वाजवी! मला डिक्शनरीतही याहून चांगलं सापडलं नसतं.

म्हणून ‘रोज वीस शब्द पाठ करा’ असं कुणी मुलांना सांगितलं की मला राहवत नाही. शब्द लागतातच, कोण नाही म्हणतं? पण शब्दांना बसायला जागा लागते. ती जागा जगातल्या गोष्टी ठाऊक असण्यानं तयार होते आणि त्या गोष्टी कुठल्या भाषेत ठाऊक झाल्या यानं काही बिघडत नाही. आम्ही आता सकाळी आधी मराठी वर्तमानपत्रातली बातमी वाचतो, अगदी बारकाईनं, कोण काय म्हणालं, कुणाचं म्हणणं कुणी खोडलं इथपर्यंत. मग त्याच विषयावरचा इंग्रजी अग्रलेख. इंग्रजी पेपर आमच्या गल्लीत कुणी घेत नाही, त्यामुळे तो मोबाईलवर. विषय आधीच हातात असला की इंग्रजी अर्ध्यानं हलकं होतं. हे कुणाला शॉर्टकट वाटेल, पण इंग्रजी वाचणाऱ्या घरातली मुलं हेच करतात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर विषय आधीच होऊन गेलेला असतो.

आणि तिला वाचता येत नाही असं तर मुळीच नाही. तिचे बाबा मधे येऊन गेले, तहसीलमधून आलेली नोटीस घेऊन. त्यांनी ती नेहमीप्रमाणे लेकीच्या हातात दिली. ‘अर्जदार यांनी सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने, सामनेवाले यांचे म्हणणे विचारात घेता, सबब’ अशा चालीचं, पूर्णविरामाशिवाय सात-आठ ओळी धावणारं मराठी. मी स्वतः दोनदा वाचलं असतं. तिनं एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, “बाबा, यात निकाल दिलेला नाही. आपलं म्हणणं पंधरा तारखेपर्यंत लेखी द्या म्हणतेत. आणि फेरफाराचा नंबर त्यांनी चुकीचा टाकलाय, तो आधी दाखवून द्या.” सात ओळींचं वाक्य तिनं शेवटपर्यंत मनात धरलं होतं, कोण कर्ता, कोण कर्म, आदेश कुठे, पळवाट कुठे, सगळं. जे क्लॅट तपासू पाहते, ते ही मुलगी शाळेत असल्यापासून घरच्यासाठी करत आली आहे. मराठीत.

याचा मला राग येतो, आणि राग नेमका कुणावर काढावा हे ठरत नाही. विद्यापीठाच्या दारात इंग्रजी उभी आहे ही गोष्ट आजची नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 ची, त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. 1862 मध्ये जे पहिले पदवीधर झाले त्यात रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मराठी घरांतून आलेल्या त्या मुलांनी ही भाषा कमावली आणि तिचं सोनं केलं, हे मान्य. पण आज आपल्या तालुक्याच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, अर्ज मराठीत असतात, आणि तिथे उभी राहू शकणारी उत्तम वकील चांगल्या विद्यापीठात शिकेल की नाही हे मात्र साडेचारशे इंग्रजी शब्द ती किती मिनिटांत वाचते यावर ठरतं. क्लॅट इतर भारतीय भाषांतही व्हावी यासाठी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली होती. मला ती मागणी रास्त वाटते. त्याच वेळी हेही दिसतं की घटनेच्या कलम 348 मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, निकाल इंग्रजीत येतात, म्हणजे प्रवेश मराठीतून मिळाला तरी ही वाक्यं तिची वाट अडवून पुढे उभीच राहणार. तेव्हा मागणीही करायची आणि अंगठ्याखाली स्वल्पविरामही झाकायचे. दोन्ही.

वेळ मात्र अजून जमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. तिचं वाचन नीट झालंय, वेगवान झालेलं नाही. घड्याळ लावलं की ती पुन्हा जुन्या सवयीवर जाते, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायला लागते, आणि मग चार पर्यायांत सगळ्यात गोडगोड दिसणारा निवडते. मी हल्ली घड्याळ लावणं कमी केलंय. तिच्या आईला हे पटत नाही, परीक्षा डिसेंबरात आहे आणि दिवाळी तोंडावर. पण वेग हा ओळखीतून येतो असं मला मनापासून वाटतं. माझ्या बँकेतला कुठलाही जुना कारकून चेक बघतो तेव्हा वाचत नसतो, ओळखत असतो. तसं व्हायला पुष्कळ वाचून व्हावं लागतं, आणि ते रेटून होत नाही.

आता तिच्या कॉलेजातल्या आणखी तिघीजणी शनिवारी येतात. एक निलंग्याची, दोघी इथल्याच. चौघी मिळून एकच उतारा वाचतात, उत्तर लिहितात आणि मग आपलं उत्तर का बरोबर हे उताऱ्यातली ओळ दाखवून सिद्ध करावं लागतं. नुसतं ‘मला वाटलं’ चालत नाही. गेल्या शनिवारी सुप्याच्या दंग्यांचाच दुसरा एक उतारा काढला होता. प्रश्न होता, लेखकाची सहानुभूती कुणाकडे आहे. छापील उत्तर ‘शेतकऱ्यांकडे’ असं होतं आणि तिघींनी तेच लिहिलं होतं. भाची ऐकेना. लेखक शेतकऱ्यांबद्दल हळहळतो खरा, पण बोलायला प्रत्येक वेळी कलेक्टरलाच लावतो, सबंध उताऱ्यात एकाही शेतकऱ्याच्या तोंडी एक वाक्य नाही, मग ही सहानुभूती कसली, असं तिचं म्हणणं. निलंग्याची मुलगी म्हणाली, परीक्षेत असं भांडत बसलीस तर पाव गुण जाईल. ही म्हणाली, परीक्षेत ‘शेतकऱ्यांकडे’च भरीन, पण बरोबर ते नाही. दोघींनी तो उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, मोठ्यानं, एकेक वाक्य वाटून घेत, आणि वाद मिटला नाही तेव्हा सोमवारी इतिहासाच्या सरांना विचारायचं ठरवून चहाला उठल्या.